एका स्पोर्ट बाईकवरून दुसरीवर जाताना: रोडवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं रोडवर स्पोर्ट बाईक चालवणाऱ्यांसाठी आहे. एक गाडी आहे, तिच्यावर हात बसलाय, आता दुसरी घ्यायचीये किंवा घेऊन झालीये, अशा लोकांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात म्हणून एका ठिकाणी लिहिलेत. ट्रॅकवाल्यांनी, म्हणजे रेस ट्रॅकवर चालवणाऱ्यांनी, वाचायला हरकत नाही पण तिथला हिशोब वेगळा असतो आणि खालची काही मतं त्यांना पटायची नाहीत.

प्रश्न: माझी कित्येक वर्षं स्पोर्ट बाईकवरच गेलीयेत. नवीन गाडीवर आता परत काय शिकायचं?

तुम्ही शिकलात ते डोक्यात कमी आणि हातापायात जास्त आहे, आणि हातापायांना फक्त जुनी गाडी माहितीये. क्लच कुठे पकडतो, थ्रॉटल किती फिरवला की इंजिन ओढायला लागतं, पुढचा ब्रेक पहिल्या ओढीत किती चावतो, गिअर खाली टाकला की मागचं चाक किती खेचलं जातं, हे दर गाडीचं वेगळं असतं आणि आपण त्याचा कधी विचारच करत नाही कारण ते आपोआप होत असतं. घात तिथेच होतो. शांतपणे चालवताना नवीन गाडी छान जमते, दोन दिवसांत वाटायला लागतं की झालं, आली हातात, आणि मग समोर अचानक कुणीतरी आडवं येतं तेव्हा हात जुन्या गाडीचाच ब्रेक मारतो. जुनीला साधे दोन पिस्टनचे कॅलिपर होते आणि नवीनला चार पिस्टनचे रेडियल असले तर तोच जोर भलताच जास्त पडतो. उलट गेलात, म्हणजे जुनी कडक ब्रेकची आणि नवीन मऊ, तर गाडी थांबतच नाहीये असं वाटतं, आणि माझ्या मते हे दुसरं जास्त वाईट, कारण त्याबद्दल कुणी सांगत नाही, सगळे फक्त "पॉवर सांभाळ" एवढंच सांगतात.

प्रश्न: मग सवय व्हायला किती दिवस लागतात?

दिवस मोजून काही कळत नाही. रोज तोच सरळ रस्ता केला तर महिनाभराने पण गाडी तेवढीच अनोळखी असते. रिकामी, सपाट, स्वच्छ जागा बघा आणि तिथे ५० च्या स्पीडवरून दोन्ही ब्रेक मारून थांबायचं, आधी हळू मग दर वेळी थोडं जास्त कडक, लिव्हर एकदम न हिसकता दाबत जायचं, पुढचा टायर खाली बसला की मग जोर वाढवायचा. त्यानंतर क्लचवर अगदी हळू चालवणं, आणि हँडल पूर्ण वळवून दोन्ही बाजूंनी यू-टर्न. स्पोर्ट बाईकचं हँडल मुळात कमी वळतं, आणि नवीन गाडीचं आणखी कमी वळत असेल तर ते भर रस्त्यात कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं, शिवाय काही गाड्यांमध्ये पूर्ण वळवल्यावर क्लिप-ऑन (स्पोर्ट बाईकचे दोन वेगळे, खाली बसवलेले हँडल) आणि टाकीच्या मध्ये अंगठा सापडतो.

मग ओळखीचे रस्ते, जिथलं प्रत्येक वळण पाठ आहे. आणि सुरुवातीला ग्रुप राईड नको. ग्रुपमध्ये आपण दुसऱ्याच्या स्पीडने चालवतो, ते नवीन गाडीवर अजिबात परवडत नाही. लोक नेमकं नवीन गाडी दाखवायलाच ग्रुपमध्ये जातात ही गोष्ट वेगळी.

प्रश्न: ४०० सीसीवरून ६०० घेऊ का सरळ लिटर क्लास, म्हणजे १००० सीसीच्या आसपासची? परत परत गाडी बदलायचा वैताग नको.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा उत्तर आधीच ठरवलेलं असतं. तरी आकडे बघा. कावासाकी निंजा ४०० ची पॉवर ४५ एचपीच्या आसपास, वजन पेट्रोलसकट १६८ किलो. चार सिलिंडरची सुपरस्पोर्ट ६०० घेतली की तुम्ही ११५-१२० एचपीवर जाता आणि वजन फक्त वीसेक किलोने वाढतं. आजची लिटर बाईक २०० एचपीच्या आसपास आणि वजन साधारण ६०० एवढंच, दहा किलो इकडे तिकडे.

आता हे रोडवर आणा. सुपरस्पोर्ट ६०० पहिल्या गिअरमध्येच शंभरच्या वर जाते, लिटर बाईक पहिल्या गिअरमध्ये १४० च्या वर जाते. म्हणजे बाकीचे पाच गिअर रोडवर फक्त इंजिन शांत ठेवायला वापरायचे. लिटर बाईकचा प्रॉब्लेम वेडावाकडा स्पीड हा आहेच, पण खरा प्रॉब्लेम असा की ती तुम्हाला काही शिकवत नाही, कारण वळणातून निघताना तुमची लाईन चुकली, गिअर चुकला, नजर चुकली तरी थोडा थ्रॉटल दिला की सगळं झाकलं जातं आणि तुम्हाला वाटतं आपण भारी चालवतोय. ४०० वर हे झाकलं जात नाही. म्हणून ४०० वरून येणाऱ्याला मी मधला टप्पा सांगतो, आणि मधला टप्पा म्हणजे ६०० चार सिलिंडरच असं नाही, ते खाली येतंच.

प्रश्न: ६०० चार सिलिंडर घेऊ की ७०० ची ट्विन (दोन सिलिंडरची)? कागदावर तर ६०० कुठल्या कुठे पुढे आहे.

कागदावर पॉवरचा सगळ्यात मोठा आकडा छापतात, तो कुठल्या आरपीएमला येतो ते बारीक अक्षरात असतं. यामाहाच्याच दोन गाड्या घेऊ म्हणजे कंपनीवरून भांडण नको. आर६ चं शेवटचं रोड मॉडेल ११८ एचपीच्या आसपास, पण १४,५०० आरपीएमला. टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, ६१.७ न्यूटन मीटर, तो १०,५०० ला. आर७ मध्ये ६८९ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, पॉवर ७३ एचपी, ८,७५० आरपीएमला, आणि टॉर्क ६७ न्यूटन मीटर, तो ६,५०० ला. म्हणजे आर७ पॉवरमध्ये बरीच मागे आणि टॉर्कमध्ये पुढे, आणि तो टॉर्क चार हजार आरपीएम आधी हातात.

तुमची रोडवरची राईड आठवा आणि टॅकोमीटरचा काटा कुठे असतो ते आठवा. चार ते आठ हजार. आर६ त्या पट्ट्यात अगदी गरीब गाय असते, तिला दहाच्या वर ठेवलं की तिची खरी मजा, आणि दहाच्या वर ठेवलं की तुम्ही रोडवर जायला नको त्या स्पीडला असता. आर७ किंवा सुझुकीची जीएसएक्स-८आर (७७६ सीसी, ८३ एचपी, ७८ न्यूटन मीटर, ६,८०० ला) त्याच पट्ट्यात पूर्ण जागी असते. ट्विनवरून उतरताना माणूस म्हणतो पॉवर अजून थोडी हवी होती, आणि ६०० वरून उतरताना म्हणतो आज पण रेडलाईन बघायला मिळाली नाही. मला पहिली तक्रार परवडते.

पण चार सिलिंडर इंजिन वरच्या आरपीएमला जे ओरडतं आणि जसं मऊसूत फिरतं त्याला ट्विनमध्ये उत्तर नाही, हेही खरं. ज्याला तेच हवंय त्याला आकडे दाखवून काही होत नाही आणि दाखवू पण नयेत. त्यांच्यासाठी होंडा सीबीआर६५०आर सारखी गाडी बघण्यासारखी आहे, चार सिलिंडर पण साधारण ९५ एचपीची, खालच्या आरपीएमला जास्त बोलणारी, वजन मात्र २०० च्या वर. आणि तीन सिलिंडरवाल्यांना विसरू नका: ट्रायम्फ डेटोना ६६० ची पॉवर ९५ एचपी आणि टॉर्क ६९ न्यूटन मीटर, तर २०२५ ची यामाहा आर९ ८९० सीसीची, ११९ एचपी १०,००० ला आणि ९३ न्यूटन मीटर ७,००० ला. आर६ एवढीच पॉवर, साडेचार हजार आरपीएम आधी. रोडसाठी बनवलेल्या स्पोर्ट बाईकचा आकडा कसा असावा हे मला विचाराल तर असा.

जाता जाता, ६०० संपल्या असं लोक म्हणतात ते अर्धं खरं आहे. युरो-५ चे प्रदूषणाचे नियम आल्यावर २०२० नंतर यामाहाने युरोपात रोड-लीगल आर६ विकणं थांबवलं, पण २०२४ मध्ये होंडा सीबीआर६००आरआर आणि कावासाकी झेडएक्स-६आर तिथे परत आल्या. झेडएक्स-६आर तर ६३६ सीसीची आहे, ते वरचे ३६ सीसी रोडवर मधल्या आरपीएमला जाणवतात.

प्रश्न: २७० डिग्री क्रँक म्हणजे नेमकं काय? त्याने चालवण्यात फरक पडतो का नुसता आवाज?

क्रँक म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा इंजिनचा दांडा. २७० डिग्रीवाल्यात दोन सिलिंडरच्या ठिणग्या समान अंतराने न पडता २७० आणि मग ४५० डिग्रीच्या अंतराने पडतात, नव्वद डिग्रीच्या व्ही-ट्विनसारख्या. आवाज त्यामुळेच घुमतो. यामाहा आर३ आणि निंजा ४०० मध्ये १८० डिग्रीचा क्रँक आहे म्हणून त्या वेगळ्या वाजतात. यामाहाने आर१ ला २००९ मध्ये क्रॉसप्लेन क्रँक दिला तो असाच विचार चार सिलिंडरमध्ये. थ्रॉटल उघडताना मागच्या टायरचा अंदाज चांगला येतो असं चालवणारे सांगतात आणि मला पण जाणवतो. गाडी फक्त त्यासाठी घेऊ नका.

प्रश्न: वजन सारखंच, मग लिटर बाईक वळायला जड का वाटते?

मोठा क्रँक जोरात फिरत असतो आणि तो गाडीला झुकवताना विरोध करतो, आरपीएम जितका जास्त तितका हा विरोध जास्त जाणवतो. दुकाती पानिगाले व्ही४ मध्ये क्रँक चाकांच्या उलट दिशेने फिरवलाय तो यासाठीच, चाकांचा जायरोस्कोपिक परिणाम (फिरणाऱ्या वस्तूचा झुकायला विरोध) थोडा कापला जातो.

दुसरं कारण टायर. ६०० ला मागे १८०/५५ असतो, लिटरला १९०/५५ किंवा २००/५५. टायर रुंद झाला की त्याच वळणाला त्याच स्पीडला गाडी थोडी जास्त झुकवावी लागते, कारण जमिनीला टेकणारी जागा मधल्या रेषेपासून आणखी लांब सरकते. लोक ६०० ला हौसेने १९० टायर बसवतात, दिसायला भारी दिसतो आणि वळायला गाडी मंद होते.

प्रश्न: बसायची पोझिशन आधीसारखीच दिसते, मग मनगटं का दुखायला लागली?

दिसते सारखी पण नसते. क्लिप-ऑन वरच्या ट्रिपल क्लॅम्पच्या (पुढचे फोर्क धरणारी प्लेट) वर आहेत की खाली ते बघा, एवढ्या फरकाने अंगाचा भार कुठे जातो ते बदलतं. फूटरेस्ट किती मागे आणि किती वर, टाकी किती लांब, सीट पुढे उतरती आहे का, हे सगळं मिळून ठरतं. सीट उतरती असली की तुम्ही दर ब्रेकला टाकीकडे घसरता आणि मग हातांनी स्वतःला मागे ढकलत बसता, मनगटाचं दुखणं इथून येतं. गुडघ्यांनी टाकी धरा, पोट आणि पाठ वापरा, कोपर सैल. कोपर हलवून बघायची, हलत नसली तर भार हातावर आहे. टाकीला बाजूने रबरी ग्रिप पॅड लावले तर गुडघे घसरत नाहीत, आणि पैसे घालवायचेच असतील तर पहिला खर्च हाच करा.

सीटची उंची नुसत्या आकड्यावर जाऊ नका. निंजा ४०० ची ७८५ मिलिमीटर, आर७ ची ८३५, आर६ ची ८५०, पण पुढून अरुंद सीट असली तर उंच गाडीवर पण पाय टेकतात आणि रुंद असली तर बुटकीवर पण पंजावर उभं राहावं लागतं. शोरूममध्ये दोन मिनिटं बसून काही कळत नाही. निदान दहा मिनिटं, राईडिंगचे कपडे घालून, हेल्मेट घालून बसा, मान वर करून लांब बघा. मानेत कळ आली तर ती गाडी तासाभराच्या राईडला नाही, बाकी कितीही आवडली तरी.

प्रश्न: जुन्या गाडीत एबीएस पण नव्हता. नवीनमध्ये मोड, ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारं), क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलू देणारा) सगळंच आहे. कुठून सुरुवात करू?

मॅन्युअल वाचा, एवढं उत्तर पुरे होतं पण कुणी वाचत नाही.

सगळं चालू ठेवायचं, ट्रॅक्शन कंट्रोल मधल्या लेव्हलला, मोड रोड किंवा स्ट्रीट नावाचा. रेन मोडमध्ये बहुतेक गाड्यांवर थ्रॉटल मऊ होतो आणि पॉवर कापली जाते, पहिल्या काही राईड त्यात केल्या तर बिघडत नाही, पण त्यातच अडकून राहू नका कारण मोड बदलला की थ्रॉटलचा हिशोब परत नव्याने बसवावा लागतो. एकच मोड ठरवा आणि हात त्याला बसवा. रोज मोड बदलणारा माणूस रोज वेगळी गाडी चालवत असतो.

साधा एबीएस आणि कॉर्नरिंग एबीएस यात फरक आहे. साधा एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढंच, गाडी झुकलेली आहे का सरळ हे त्याला माहिती नसतं. कॉर्नरिंगवाल्याला आयएमयू नावाचा सेन्सर लागतो जो गाडीचा झुकाव मोजतो. बॉशची ही सिस्टीम पहिल्यांदा केटीएमच्या ११९० अॅडव्हेंचरवर आली, आणि यामाहा आर१ ला २०१५ मध्ये सहा अक्षांचा आयएमयू मिळाला. तुमच्या गाडीत आयएमयू नसेल तर झुकलेल्या गाडीवर ब्रेक हाणायचा नाही, गाडी सरळ करत करत जोर वाढवायचा. आणि असला तरी, वळणात जास्त स्पीडने शिरलात तर ते कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स सोडवत नाही, टायरला जेवढी पकड आहे तेवढ्यातच त्याचा सगळा कारभार.

क्विकशिफ्टरबद्दल एक. गिअर लिव्हरखाली पाय टेकवून बसायची सवय असेल तर ती सोडा. सेन्सर तेवढ्या दाबाने पण इंजिन कट करू शकतो आणि गाडी मध्येच गचका खाते, मग लोक सर्व्हिसला जाऊन भांडतात. वर टाकताना थ्रॉटल उघडा ठेवा, पाय पूर्ण आणि ठामपणे मारा. फारच कमी आरपीएमला तो खडबडच चालतो, तिथे सरळ क्लच वापरा.

प्रश्न: सेकंड हँड स्पोर्ट बाईक घेतोय. पडलेली आहे का कसं ओळखू?

फेअरिंग (बाहेरचं प्लास्टिकचं आवरण) बघून काहीच कळत नाही, फेअरिंग बदलता येतं. जे बदलायला लोक विसरतात ते बघा. बार-एंडची कड, ब्रेक आणि क्लच लिव्हरचं टोक, फूटपेगचं टोक, इंजिन कव्हरवर घासल्याच्या रेघा, सायलेन्सरची खालची बाजू. एकाच बाजूचे सगळे पार्ट चकाचक नवीन आणि दुसऱ्या बाजूचे जुने असले तर मग विचारायचंच काय. फ्रेमवर हँडल जिथे येऊन थांबतं तो स्टॉपर बघा, तिथे दबलेलं किंवा तुटलेलं असेल तर गाडी जोरात आपटलीये, तिथून सरळ घरी.

फोर्कवर बोट फिरवा, तेलाचा ओघळ असेल तर सील गेलंय. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा, मधोमध अडकल्यासारखं झालं तर हेड बेअरिंग खराब. चेन एका जागी घट्ट आणि एका जागी ढिली असेल तर चेन-स्प्रॉकेट बदलायचा खर्च धरूनच भाव करा. इंजिन थंड असताना जा, मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर मला तरी शंका येते. इग्निशन ऑन केल्यावर एबीएस आणि इंजिनचे दिवे पेटलेच पाहिजेत आणि मग विझलेच पाहिजेत, कारण बिघाड लपवायला दिव्यावर चिकटपट्टी लावणारे महाभाग असतात. एबीएसचा दिवा गाडी हलल्यावरच विझतो, ते राईडमध्ये बघा. फ्रेमवरचा नंबर, इंजिनवरचा नंबर आणि कागद, तिन्ही जुळवा. दोन्ही चाव्या मागा.

ट्रॅकवर फिरलेली गाडी वेगळी ओळखायची. ऑईलच्या ड्रेन बोल्टला, कॅलिपरच्या बोल्टला बारीक भोकं पाडलेली दिसली तर ती सेफ्टी वायरची (बोल्ट सुटू नये म्हणून बांधायच्या तारेची) आहेत, वायर काढून टाकली तरी भोक राहतं. आता ट्रॅकवरची गाडी म्हणजे वाईटच असं माझं मत नाही, कित्येकदा तिचं ऑईल आणि ब्रेक रोडवाल्यापेक्षा नियमित बदललेले असतात. पण मालकाने ते आपणहून सांगायला पाहिजे. लपवलं तर अजून काय काय लपवलंय कोण जाणे.

प्रश्न: ती ट्रॅकवाली गाडी घेतली आणि गिअर उलटे पडतायत?

जीपी शिफ्ट केलाय, पहिला वर आणि बाकीचे खाली. काही गाड्यांमध्ये लिव्हरची सांधणी फिरवून पूर्ववत होतं. घरी अजून एक गाडी असेल तर दोन्हींचा पॅटर्न एकच ठेवा, घाईत वरचा गिअर टाकायला जाऊन खालचा पडला तर मागचं चाक घसरतं.

प्रश्न: टायर चांगले दिसतायत, तसेच ठेवू का?

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ असेल तर २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक आहे आणि टायर सहा-सात वर्षांचा आहे, म्हणजे गाडी उभी होती आणि रबर कडक झालंय. बदला. नवीन गाडीचा स्वभाव कसा आहे ते जुन्या टायरवर कधीच कळत नाही, मधे चपटा झालेला टायर असेल तर गाडी वळणात एकदम पडल्यासारखी वाटते आणि दोष गाडीला जातो.

नवीन टायर टाकल्यावर पहिले १००-१५० किलोमीटर सांभाळून, झुकाव हळूहळू वाढवायचा. हवा मॅन्युअल किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना मोजायची. बऱ्याच स्पोर्ट बाईकला ती पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय असते. ट्रॅकवाले कमी ठेवतात म्हणून रोडवर कमी ठेवू नका, त्यांचे टायर पूर्ण तापतात, तुमचे तसे तापत नाहीत. आणि रोडसाठी हायपरस्पोर्ट किंवा स्पोर्ट-टूरिंग टायर घ्या. रेस कंपाऊंड थंड असताना आणि पावसात भरवशाचा नसतो.

प्रश्न: सस्पेन्शन फार कडक वाटतं. काय फिरवू?

आधी काहीच फिरवू नका. सेकंड हँड असेल तर मॅन्युअल उघडून सगळं फॅक्टरी सेटिंगला आणा, आधीच्या मालकाने काय करून ठेवलंय देव जाणे. रिबाउंड (सस्पेन्शन किती वेगाने परत वर येतं) आणि कॉम्प्रेशनचे (किती वेगाने दबतं) क्लिक पूर्ण बंद करून तिथून बाहेर मोजायचे, आणि बदलायच्या आधी आत्ता किती आहेत ते लिहून ठेवायचं.

मग सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते. चाक हवेत लटकत असताना एक माप, तुम्ही पूर्ण कपड्यानिशी बसल्यावर दुसरं माप, दोन्हीतला फरक रोडसाठी साधारण ३० ते ४० मिलिमीटर. दोन मित्र लागतात, एक गाडी धरायला आणि एक मोजायला. प्रीलोडने (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) हा फरक बसवायचा. प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते असं सर्रास सांगतात ते चूक आहे, स्प्रिंग तेवढीच राहते, गाडी फक्त वर उचलली जाते. प्रीलोड पूर्ण ढिला किंवा पूर्ण घट्ट करून पण सॅग बसत नसेल तर तुमच्या वजनाला ती स्प्रिंगच चुकीची आहे, मग कितीही क्लिक फिरवून उपयोग नाही. एका वेळी एकच गोष्ट, तोच रस्ता, एक-दोन क्लिक.

प्रश्न: गाडी आली की लगेच सायलेन्सर बदलायचाय आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) फ्लॅश करायचाय.

आधी सर्व्हिस करा. ऑईल, कूलंट, ब्रेक फ्लुईड, पॅड, चेन. लिव्हर तुमच्या बोटांना आणि गिअर लिव्हर तुमच्या बुटाला लावून घ्या, हे फुकट आहे आणि सायलेन्सरपेक्षा जास्त फरक पाडतं.

गिअरिंगचं मात्र मी समजू शकतो. कंपन्या ६०० आणि लिटर बाईक फार उंच गिअरिंगवर देतात. आर६ ला पुढे १६ आणि मागे ४५ दातांचं स्प्रॉकेट येतं, पुढचा एक दात कमी केला की मागे तीन दात वाढवल्यासारखं होतं आणि गाडी खालच्या आरपीएमला बरीच चपळ होते. पण स्पीडचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर स्पीडोमीटर चुकीचा दाखवतो, आणि चेन लहान-मोठी करावी लागेल का ते आधी बघून घ्या.

प्रश्न: ट्रॅफिकमध्ये मांड्या भाजतात, काही इलाज?

पॅडेड राईडिंग पँट, कूलंट वेळेवर, रेडिएटरच्या पट्ट्या साफ. फॅन साधारण शंभर-एकशे पाच डिग्रीला सुरू होतो, तो सुरू झाला म्हणजे बिघाड नाही. काही मोठ्या व्ही-फोर गाड्या थांबल्यावर मागचे दोन सिलिंडर बंद करतात, तरी गरम होतातच. तुमची निम्मी राईड ट्रॅफिकमध्ये असेल तर मोठं इंजिन घेताना हा मुद्दा पहिल्या तीनात ठेवा.

प्रश्न: मेंटेनन्स किती वाढतो?

मॉडेलवर आहे, सीसीवर कमी. आर६ चं व्हॉल्व्ह चेक ४२,००० किलोमीटरच्या आसपास येतं, पानिगाले व्ही४ चं २४,००० ला आणि त्यात डेस्मो व्हॉल्व्ह (स्प्रिंगऐवजी यांत्रिकपणे बंद होणारे), म्हणजे मेकॅनिकला जास्त वेळ. मोठी पॉवर मागचा टायर लवकर खाते. टाकी पण बघा, आर६ ची १७ लिटर आणि आर७ ची १३, पंपावर थांबे किती होतील ते त्यावर. इन्शुरन्स गाडी बुक करायच्या आधी विचारून घ्या, सुपरस्पोर्टला तो कित्येकदा डोळे पांढरे करतो. तुमच्या लायसन्सवर ती पॉवर बसते का हेही आधीच बघा.

प्रश्न: मागे कुणाला बसवायचं असेल तर?

या गाड्यांवर? त्याच्याशी आधी बोलून घ्या. आणि स्वतःची सवय होईपर्यंत मागे कुणी नको.

प्रश्न: जुनी गाडी लगेच विकू का थोडे दिवस ठेवू?

जागा आणि पैसे परवडत असतील तर ठेवा, पण अदलाबदल करत चालवू नका, निदान सुरुवातीला. आज ही उद्या ती केलं की हात कुठल्याच गाडीला बसत नाहीत. महिना-दोन महिने फक्त नवीन, मग एक दिवस जुनी काढा आणि त्याच ओळखीच्या रस्त्याने जा. ती लहान, हळू, मऊ वाटली आणि परत नवीन काढावीशी वाटली तर विका. ती चालवताना वळणात जास्त मोकळं वाटलं, तर नवीन गाडीवर तुमचं काहीतरी अजून बसलेलं नाही, बहुतेक पोझिशन नाहीतर सस्पेन्शन, ते आधी शोधा. तोपर्यंत जुनीची बॅटरी टेंडरवर (चार्ज टिकवून ठेवणाऱ्या चार्जरवर) लावून ठेवा आणि टायरमध्ये हवा भरलेली राहू द्या.